मुंबई बंदरातली लाँच, कॅटामरान आणि रो-रो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेटवे, भाऊचा धक्का, मांडवा, रेवस, मोरा आणि घारापुरी या धक्क्यांवरून जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. भाडं आणि फेऱ्यांच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, त्या तिकीट खिडकीवरच्या फलकावर पाहाव्यात. इथे भर आहे तो फलकावर न लिहिलेल्या गोष्टींवर: पाणी, वारा, चढ-उतार आणि सुरक्षितता.

कुठे जायचं असेल तर कुठून बसायचं?

अलिबागसाठी गेटवेहून मांडव्याची लाँच किंवा कॅटामरान (जोडसांगाड्याची बोट) घ्यावी. समुद्रातला प्रवास साधारण तासाभराचा. पुढे मांडवा ते अलिबाग सुमारे २० किलोमीटर बसने, आणि गेटवेच्या बहुतेक कंपन्यांच्या तिकिटातच या बसचे पैसे धरलेले असतात. म्हणून उतरल्यावर तिकीट फेकून देऊ नका, बसमध्ये चढताना ते दाखवावं लागतं. घारापुरीची लाँचही गेटवेहूनच सुटते, तिलाही तासभर लागतो.

भाऊच्या धक्क्यावरून मोरा (म्हणजे उरण) आणि रेवसच्या लाँच सुटतात. मांडव्याला जाणारी रो-रोही (माणसांबरोबर गाड्याही नेणारं जहाज) इथूनच सुटते, पण तिचं टर्मिनल वेगळं आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं 'भाऊचा धक्का' सांगितलं की तो मासळीबाजाराच्या तोंडाशी सोडतो आणि सामान घेऊन उलटं चालावं लागतं, तेव्हा 'रो-रो टर्मिनल' असं स्पष्ट सांगा. जवळचं स्टेशन हार्बर लाइनवरचं डॉकयार्ड रोड, तिथून पंधरा-वीस मिनिटं चाल. पहाटेपासून सकाळी उशिरापर्यंत मासळीचे ट्रक, बर्फ आणि हातगाड्या यांनी रस्ता भरलेला असतो, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

वेळापत्रकात फेरी आहे, तरी खिडकीवर 'पाणी नाही' म्हणतात. हे काय?

खरंच पाणी नसतं. मुंबईत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती साडेचार ते पाच मीटरपर्यंत चढते आणि ओहोटीला पाणी अर्ध्या मीटरच्या आसपास येतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा दोन्हींतला फरक दीड-दोन मीटरच राहतो.

मोरा आणि रेवस इथे धक्क्याजवळ गाळ साचतो. समजा धक्क्यापाशी नकाशावरची खोली (ही अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजतात) अर्धा मीटर आहे आणि त्या पातळीच्या वर आजच्या ओहोटीची उंची ०.५ मीटर. दोन्ही मिळून प्रत्यक्ष पाणी एक मीटर. लाँचचं पाण्याखालचं अंग सव्वा-दीड मीटर असेल तर ती धक्क्याला लागण्याआधीच गाळात बसणार. गाळात बसलेली लाँच पाणी चढेपर्यंत हलत नाही. शिवाय लाँचला पुढे ढकलणारा पंखा चिखल घुसळतो, तो चिखल इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेने आत ओढला जातो आणि मग पाणी आलं तरी इंजिन साथ देत नाही. म्हणून तांडेल, म्हणजे लाँचचा प्रमुख, आधीच नकार देतो, आणि तो बरोबर असतो.

मोऱ्याच्या रोजच्या प्रवाशांना याचा फटका विशेष बसतो, कारण मुंबईत उधाणाची ओहोटी नेमकी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला येते. म्हणजे माणसं कामावरून घरी परतत असतात तेव्हाच. दोन-तीन तास फेऱ्या थांबतात आणि असं सलग दोन-चार दिवस चालतं. भांगातली ओहोटी दुपारी बाराच्या आसपास येते, पण ती फार खोल जात नसल्याने फेऱ्या बहुधा चालू राहतात.

भरतीची वेळ घरबसल्या कशी काढायची?

कोळीवाड्यात चालत आलेला हिशोब अजूनही उपयोगी पडतो: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंधरवडा शुक्ल असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून. षष्ठीला सहा गुणिले पाऊण, म्हणजे साडेचार. पहाटे साडेचारला आणि दुपारी साडेचारनंतर थोड्या वेळाने भरती, आणि त्याच्या सव्वासहा तास आधी-नंतर ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून हा हिशोब जमतो.

यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून चालावी, शिवाय तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की गणित सरकतं. सगळ्यात मोठं उधाण पौर्णिमा-अमावस्येच्या दिवशीच येतं असंही नाही, पुढचे एक-दोन दिवस बहुधा जास्त जोराचे असतात. कुठे वेळेत पोहोचणं गरजेचं असेल तर त्या दिवसाचा छापील भरतीचा तक्ता पाहा. तक्त्यात ओहोटीची उंची एक मीटरच्या खाली दिसली की मोरा-रेवसला जाण्याआधी धक्क्यावर चौकशी करा.

पावसाळ्यात गेटवे-मांडवा बंद, मग रो-रो आणि मोऱ्याची लाँच कशी चालते?

गेटवे-मांडवा सेवा साधारण मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंद असते. मुंबई बंदराचं तोंड नैऋत्येकडे उघडं आहे आणि पावसाळी वारा-लाटा त्याच दिशेने येतात. गेटवेच्या पायऱ्या बंदराच्या तोंडाच्या बाजूला, उघड्यावर आहेत. खोल पाण्यात बोट कदाचित तग धरेल, पण पायऱ्यांपाशी ती दर लाटेला मीटरभर वर-खाली होते आणि माणसांची चढ-उतार अशक्य होते. सेवा बंद ठेवण्याचं मोठं कारण ही चढ-उतार आहे.

भाऊचा धक्का बंदराच्या आत आहे, तिथे लाट मोडून येते. म्हणून मोरा आणि रेवसच्या लाँच पावसाळ्यातही हवामान पाहून चालतात. रो-रो जहाज आकाराने मोठं आणि जड आहे आणि मांडव्याला लाटा अडवणारा बांध आहे, त्यामुळे मार्च २०२० मध्ये सुरू झालेली ही सेवा बारा महिने चालू ठेवता येते. तरीही जोराच्या वाऱ्यात तिच्याही फेऱ्या रद्द होतात. पावसाळी प्रवासाचं परतीचं काम त्याच दिवशी अटळ असेल तर रस्त्याचा पर्याय मनात तयार ठेवावा.

लाँचच्या परवान्यात उन्हाळी-हिवाळी हंगामाची आणि पावसाळ्याची प्रवासीसंख्या वेगवेगळी दिलेली असते. पावसाळ्यात लाँच अर्धी रिकामी दिसत असूनही खलाशी 'भरली' म्हणतो, त्यामागे हे कारण आहे. त्याच्याशी वाद घालू नका.

'तीन नंबरचा बावटा' लागला म्हणजे काय?

बंदरावर वादळाची सूचना देणाऱ्या खुणा असतात, दिवसा टांगलेले आकार (यांनाच बोलीत बावटा म्हणतात) आणि रात्री दिवे. १ आणि २ नंबर म्हणजे दूर समुद्रात बिघाड आहे. ३ नंबर म्हणजे खुद्द या बंदरात सोसाट्याचा वारा येण्याची शक्यता. ३ नंबर लागला की प्रवासी लाँच थांबवतात, मग आकाश निळं असलं तरी. खूण उतरेपर्यंत धक्क्यावर ताटकळण्यापेक्षा दुसरी वाट धरावी, कारण ती तासाभरात उतरेल याचा काही नेम नसतो.

बोटीत चढता-उतरताना काय सांभाळायचं?

संपूर्ण प्रवासात सगळ्यात जास्त दुखापती या दोन पावलांत होतात, म्हणून याला थोडा वेळ देतो.

गेटवेच्या खालच्या पायऱ्या भरतीला पाण्याखाली जातात आणि ओहोटीला उघड्या पडतात, त्यामुळे त्यांवर शेवाळ असतं. पायरीच्या कडेवर पाय टाकू नका, भिंतीकडच्या बाजूने पाऊल सपाट टेकवा. पाठीवर बसणारी पिशवी घ्या, दोन्ही हात मोकळे हवेत. मोबाइल खिशात. मागे पट्टा नसलेली चप्पल हातात घेऊन अनवाणी उतरण्यापेक्षा पट्ट्याची सँडल घालून येणं चांगलं, शिंपल्यांच्या कडा तळपाय कापतात.

बोट लाटेबरोबर वर येते, क्षणभर थांबते आणि खाली जाते. ती वर येऊन थांबते त्या क्षणी पाऊल टाकायचं. खाली जात असताना टाकलं तर पायाखालची जमीन सरकते आणि माणूस पुढे फेकला जातो. दोन-तीन लाटा नुसत्या पाहा, ताल कळतो. उडी मारायची नाही, पाऊलच टाकायचं. खलाशाचा पंजा धरू नका, त्याच्या मनगटाच्या वर धरा आणि त्याला तुमचं मनगट धरू द्या. ओला पंजा निसटतो.

बोट आणि धक्का यांच्या मध्ये, किंवा दोन बोटींच्या मध्ये, हात-पाय कधीही घालू नका. काही पडलं तरी नाही. कडेला लटकवलेल्या टायरवर पाय देऊ नका, तो फिरतो. गर्दीच्या दिवशी गेटवेला दोन-तीन बोटी एकमेकींना लागून बांधतात आणि एकीतून दुसरीत जावं लागतं. प्रत्येक ओलांडणीला हाच नियम.

लहान मूल कडेवर घेऊन चढू नका. कडेवरच्या मुलामुळे स्वतःचं पाऊल दिसत नाही. आधी एक मोठं माणूस चढावं, मग मूल खलाशामार्फत त्याच्या हाती द्यावं, मग दुसऱ्याने चढावं.

लाइफ जॅकेट खरंच घालायचं का? सगळे मांडीवर ठेवतात.

घाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी चालू असलेल्या नौदलाच्या वेगवान बोटीने घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला धडक दिली. तिच्यावर शंभराहून जास्त माणसं होती, १५ जण दगावले. त्यानंतर जॅकेट घालणं सक्तीचं केलं गेलं. बोट कलल्यावर जॅकेट शोधायला, अंगात घालायला आणि बंद बांधायला वेळ मिळत नाही. अंगावर असेल तेच कामाला येतं.

१. हात घालण्याआधी बंद, बकल आणि शिट्टी शाबूत आहे का पाहा. फाटलेलं, आतला फोम चुरगळलेला हाताला लागला तर दुसरं मागा.
२. कमरेचा बंद आधी आवळा, मग छातीचा. बंद नाडीचे असतील तर निरगाठ नको, ओढल्यावर सुटेल अशी गाठ मारा.
३. सोबतच्या माणसाला खांद्यांपाशी जॅकेट वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत आलं तर सैल आहे.
४. मुलांना मुलांचंच जॅकेट. मोठ्यांच्या जॅकेटमधून मूल पाण्यात खाली निसटतं. त्याला पायांमधून जाणारा बंद असेल तर तो नक्की लावा.

पाण्यात उतरायची वेळ आलीच तर दोन्ही हात छातीवर घट्ट आडवे धरून जॅकेट दाबून ठेवा आणि पाय खाली ठेवूनच उतरा. जॅकेट सैल सुटलं तर पाण्याच्या धक्क्याने हनुवटीवर आदळतं. मुंबईचं पाणी बर्फासारखं थंड नसतं, इथे माणूस दमून हरतो. पोहून किनारा गाठायचा प्रयत्न करू नका, ओहोटीची ओढ बाहेर नेते. तिघं-चौघं एकमेकांना धरून घोळका करा, घोळका लांबून दिसतो.

सगळे एका बाजूला गेले की खलाशी का ओरडतात?

माणसांचं वजन एका बाजूला गेलं की बोट कलते, कलली की उभी माणसं आणखी त्याच बाजूला घसरतात. वरच्या मजल्यावर उभी गर्दी असेल तर धोका वाढतो, कारण वजन जितकं उंच तितकी बोट लवकर कलते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. लाटेने कललेल्या बोटीवर घाबरलेली गर्दी एका बाजूला धावली, असं त्या दुर्घटनेबद्दल सांगितलं जातं. रायगडच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत ही आठवण अजून ताजी आहे.

आजची नेहमीची दोन निमित्तं म्हणजे गेटवेचा फोटो आणि हिवाळ्यात सीगलना वेफर्स-कुरमुरे टाकणं. दोन्ही वेळा सगळी बोट एका कठड्याला लोटते. पक्ष्यांना तळलेलं खारट खाणं द्यायला नकोच, पण मूल कठड्यावर चढवून ते देणं तर बिलकूल नको.

मध्येच इंजिन बंद पडलं तर?

बहुतेक वेळा कारण प्लास्टिक असतं. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढून घेतात, त्या वाटेवरच्या जाळीत पिशवी अडकली की पाणी तुटतं, इंजिन तापतं आणि ड्रायव्हर ते स्वतः बंद करतो. जाळी उघडून साफ करायला थोडाच वेळ पुरतो. दुसरं कारण पंख्याला गुंडाळलेलं तुटकं जाळं किंवा नायलॉनचा दोर. तो इंजिन उलट फिरवून सुटला नाही तर खाली उतरून कापावा लागतो किंवा दुसऱ्या बोटीने ओढून न्यावं लागतं. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनंतर नाल्यांतून कचरा बंदरात येतो, तेव्हा हे वाढतं.

तुम्ही जागेवर बसा, जॅकेटचे बंद तपासा आणि इंजिनाच्या झाकणाभोवती गर्दी करू नका. बंद इंजिनाची बोट लाटांना आडवी होते आणि जास्त डुलते, त्याने घाबरून उभं राहू नका. तांडेल नांगर टाकेल किंवा व्हीएचएफवरून, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवरून, मदत मागेल, चॅनल १६ हे संकटाच्या हाकेसाठी असतं. माणूस पाण्यात पडलेला दिसला तर त्याच्यावरून नजर न हटवता हाताचं बोट त्याच्याकडे रोखून ठेवा, दुसऱ्याला रिंग टाकायला आणि तांडेलला सांगायला लावा. मोबाइलवरून तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, किंवा ११२.

मोठं जहाज समोर आलं की लाँच का थांबते?

जहाजाला चालायला खोदलेला खोल मार्ग लागतो, त्याबाहेर ते वळू शकत नाही. थांबायलाही त्याला फार अंतर लागतं. म्हणून लहान बोटीने त्याची वाट अडवायची नाही हा नियम. लाँच बहुधा जहाजाच्या मागून जाते आणि त्याच्या लाटा नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर घेते. त्या दोन मिनिटांत बसून राहा. भोंगा एकदा छोटा वाजला तर बोट उजवीकडे वळते आहे, दोनदा तर डावीकडे, पाच किंवा जास्त वेळा भराभर वाजला तर समोरच्याला इशारा.

मला बोट लागते. काय करू?

सकाळची फेरी घ्या. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि पाणी खवळतं. ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं आणि वारा समोरून, अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात. उधाणाच्या दिवशी दुपारी तीन-चारला हेच घडतं.

बसायची जागा खालच्या मजल्यावर, मध्याच्या थोडं मागे, डिझेलच्या धुरापासून दूर. नजर क्षितिजावर. मोबाइल आणि वाचन बंद. रिकाम्या पोटीही नको आणि वडापाव खाऊनही नको, हलकं खाऊन निघा. आलेपाक किंवा आवळा सुपारी अनेकांना पुरते. गोळी घ्यायची तर बोट सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी, डॉक्टरांना विचारून. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही.

ज्येष्ठ नागरिक किंवा व्हीलचेअरवरच्या माणसाला नेता येईल का?

रो-रोने नेता येईल, चढ-उतार रॅम्पवरून होते. साध्या लाँचसाठी भरतीच्या आधी-नंतरचे दोन तास निवडा, तेव्हा उतरायच्या पायऱ्या कमी असतात. ओहोटीला भाऊच्या धक्क्यावर खोल खाली उतरावं लागतं. घारापुरीला धक्क्यापासून पुढे छोटी गाडी आहे, पण लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत. त्या जमणार नसतील तर नुसत्या बोटीच्या हौसेसाठी नेऊ नका.

घारापुरी सोमवारी?

लेणी सोमवारी बंद असतात. परतीची शेवटची लाँच किती वाजता, हे उतरतानाच विचारून ठेवा.

अटल सेतू झाला, उरणला लोकल गेली. आता लाँच कशासाठी?

अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल जाते, पण तिथून मुंबईला यायचं तर नवी मुंबईत गाडी बदलून पूर्ण वळसा घालावा लागतो. मोऱ्याहून लाँच तासाच्या आत माझगावच्या दारात आणून सोडते. घारापुरीच्या शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वस्त्यांना तर लाँचशिवाय वाटच नाही. रुग्ण, बाजार, कॉलेज, सगळं पाण्यावरून. मोऱ्याचा गाळ वेळेवर उपसला गेला तर संध्याकाळच्या फेऱ्या रद्द होणं बरंच थांबेल. पूल झाले म्हणून हे काम मागे टाकणं चुकीचं आहे.

रो-रोवर गाडी नेताना?

आगाऊ तिकीट काढा, शनिवार-रविवारी गाड्यांच्या जागा आधी संपतात. जहाजावर कर्मचारी सांगेल तिथेच लावा, कारण वजन दोन्ही बाजूंना सारखं वाटावं लागतं. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करा आणि वर जाऊन बसा. प्रवासात गाडीत बसून राहू नका. अलार्म बंद ठेवा, हलण्याने तो वाजत राहतो. दुचाकी बाजूच्या स्टँडवर सोडून न जाता बांधून घेतली आहे ना ते पाहा.

जादा प्रवासी, मोडकी जॅकेटं, जास्त पैसे अशी तक्रार कुठे करायची?

धक्क्यावर बंदर निरीक्षकाचं कार्यालय असतं, ते महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतं. बोटीचं नाव, तिच्या अंगावर रंगवलेला नोंदणी क्रमांक, सुटण्याची वेळ आणि तिकिटाचा फोटो एवढं लेखी द्या. परवान्यातली प्रवासीसंख्या बोटीवर लिहिलेली असते, तिचाही फोटो घ्या. गर्दी जास्त वाटली तर तक्रार नंतर करा, आधी त्या बोटीत चढू नका.